पाठोपाठ

सुपडू भिरूडचा तेव्हाचा चेहरा
मला नीट आठवत नाही.
पाठ आठवते.
मानेखाली कवडीएवढा पांढरा डाग,
आणि बनियनवर घाम केळीच्या पानासारखा उतरायचा,
आधी मधली शीर भिजायची, मग दोन्ही अंगं.

फैजपूरच्या आमच्या मैदानात
पुरते चारशे मीटर मावत नव्हते. तीनशे तीसच.
म्हणून दहा हजाराला तीस फेऱ्या आणि वर शंभर मीटर.
बाराव्या फेरीपर्यंत फक्कीची रेघ पायांनी पुसून जायची,
मग मी त्याच्या टाचांवरून रस्ता ओळखायचो.

बूट त्याला भुसावळच्या कुणा फायरमननं दिलेले,
एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला.
पहाटे साडेचारला सावद्यापर्यंत जाऊन यायचा,
आल्यावर बादलीभर पाणी डोक्यावर,
आणि मुठीत भरीत-भाकरी धरून सरळ कॅल्क्युलसच्या तासाला.
तीन वर्षं तो पहिला, मी दुसरा.
फेऱ्यांचा हिशोब मी चिंचोक्यांनी ठेवायचो :
मुठीत पंचवीस घ्यायचे, दर फेरीला एक टाकायचा.
तो हसायचा. म्हणायचा,
'पयतो का पेरतो रे भो?'

धुळ्याची विभागीय स्पर्धा. फेब्रुवारी एकोणऐंशी.
पंचांपैकी एकाचा चहा आला असावा.
घंटा एक फेरी आधीच वाजली.
सुपडू उसळला. असा कधी उसळलेला पाहिला नव्हता.
रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.
मी चाळीस पावलं मागे.
माझ्या मुठीत
एक चिंचोका होता.

ओरडता आलं असतं.
दम नव्हता असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं,
पण दम होता;
त्याच दमावर तर मी पुढची फेरी धावलो.
पुढे कुणाची पाठ नव्हती.
मैदान एवढं मोठं असतं
हे मला तेव्हाच कळलं.

कागदावर लिहिलं : भिरूड, शर्यत अपूर्ण.
पुण्याला मी गेलो. अकरावा आलो.

पुढं तो बी.एड. झाला, हंबर्डीच्या शाळेत गणिताला लागला.
दोन वर्षांनी मीही तिथेच, क्लार्क म्हणून.
एकतीस वर्षं माझ्या खिडकीतून
त्याचा आठवीचा वर्ग ऐकू यायचा.
पाढा अडला, पोरगं रडकुंडीला आलं, की एकच वाक्य :
'थांबू नको. एक फेरी बाकी हाये.'
माझं पेन
दरवेळी जरासं अडखळायचं.

शबनूर तडवी गणितात तिसऱ्यांदा नापास झाली
तेव्हा मी पटावरून तिचं नाव कमी करायला घेतलं होतं.
त्यानं माझं मनगट धरलं. काही बोलला नाही.
सायकल काढली, पालच्या रस्त्याला तिच्या आईकडे गेला,
रात्री उशिरा आला, चेन तुटलेली, हात काळे.
अडतीस मार्क पडले तिला.
यावलच्या दवाखान्यात नर्स आहे आता,
परवा माझं बीपी तिनंच मोजलं. दोनदा मोजलं.

निवृत्तीचा कार्यक्रम संपला.
शाल, नारळ, न लागणाऱ्या माईकवरची भाषणं.
पोरं गेल्यावर मैदानात आम्ही दोघंच.
सातपुड्यावर कुठंतरी वणव्याची बारीक लाल रेघ.
मी म्हटलं, सुपडू, धुळ्याला त्या दिवशी…
त्यानं नारळ या हातातून त्या हातात घेतला.
'तू मोजतो, हे मले माहीत होतं,' तो म्हणाला.
'म्हणून तं मी मोजत नव्हतो.'

आणि गेटकडे निघाला,
डावा गुडघा हातानं दाबत, हळूहळू.
मला त्याला सहज गाठता आलं असतं.