पाचवा शब्द

पंचहौदच्या देवळात उत्तम शुक्रवार.
बारा ते तीन. पंखे फिरतात, हवा नाही.
वेदीवर काळं कापड
आणि माझ्या पुढच्या बाकावर शांतवनदादाची मान,
कॉलर उलटून शिवलेली.

सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो.
घोरपडीच्या एका खोलीवरून
शिवाजीनगरच्या कोर्टात तारखा चालल्या होत्या.
मी खोटा होतो, हे माझ्या वकिलालाही ठाऊक होतं.

मग माझ्या दोन्ही किडन्या गेल्या.
ससूनच्या जिन्यात दुर्कसवहिनी म्हणाली,
"यांची जुळतेय."
दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.
"देवानं दोन दिल्यात," एवढंच बोलला,
घरात जास्तीची छत्री असल्यासारखं.

त्याच्या कुशीवर आता वीतभर व्रण आहे.
मनोऱ्यातल्या घंटेचा दोर त्याला ओढवत नाही.
ईस्टरच्या पहाटे खाली उभा राहून
पोरांचे टोले मोजतो, चुकले की चडफडतो.
मला मात्र रोज एकच फोन:
"पाणी किती झालं?"

पाळकसाहेब पाचव्या शब्दावर येतात.
"मला तहान लागली आहे."
आंब, बोळा, काठी, सगळं सावकाश सांगतात.
मी डोळे मिटून घेतो.
घसा कोरडा, आणि उठून जायचं धाडस नाही.

बाकाच्या पाठीवरून एक हात मागे येतो.
सकाळपासून उपाशी माणसाचा हात,
त्यात स्टीलची बाटली,
झाकण आधीच सैल केलेलं.

तो वळून बघत नाही.
मी पितो.
आवाज होतो, सगळ्या देवळाला ऐकू जातो.