पाटा

संखमध्ये आमचं घर विचारलं
तर रायगोंडा बिरादार कुणी म्हणत नाही.
‘लाइनवाल्याचं?’ म्हणतात, आणि हात करतात
डीपीच्या पलीकडे.

लाइन आली, लाइन गेली,
शेतीची लाइन, गावठाणची लाइन,
रात्रपाळीची, एका फेजची, जंपर तुटलेली लाइन.
बाबांच्या तोंडात दिवसभर हा शब्द
आणि तो इंग्रजी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.
रेशनला लाइन. टँकरला लाइन.
मी दहावीला असताना चिदानंद सावळगी
माझ्यावर लाइन मारायचा.
बाबांना कळलं तेव्हा म्हणाले,
‘लाइनवाल्याच्या पोरीवर?’
आणि त्यांना हसूच आवरेना.

आता मी जतला कॉलेजात शिकवते.
मुलांना सांगितलं, या एका शब्दाचे अर्थ काढून आणा.
लक्कव्वा छत्तीस घेऊन आली,
त्यातला एकही मला खोडता येईना.
म्हणून रात्री जाड कोश उघडला,
बोट फिरवत फिरवत खाली गेले,
तर छत्तीस फांद्यांच्या बुडाशी
गुडघाभर उंचीचं, निळ्या फुलाचं
जवस.

लॅटिन माणसं त्याला लीनम म्हणायची.
देठ कुजवून वाख काढायचा,
वाखाचं सूत, सुताची दोरी,
दोरी ताणून धरली की सरळ रेघ.
मग तिची रांग झाली, वंश झाला,
रुळांचा मार्ग झाला, हातावरची आयुष्यरेषा झाली,
ही मी लिहितेय ती ओळ झाली,
आणि अकरा केव्हीची तार होऊन
ती आमच्या पोलवर आली.

रविवारी आईला सांगितलं.
ती उखळात जवसच कुटत होती,
तिखट, लसूण, मिठाचा खडा.
मुसळ थांबलं.
‘जवसाची दोरी?
आपुन तर काटक्या चुलीत घालतो की.’

खरंय. आम्ही बी खाल्लं,
धागा जाळला.

शाळवात सहा काकऱ्या सोडून
ती आजही जवसाची एक काकरी पेरते.
पौषात माळावर उभं राहिलं
की या बांधापासून त्या बांधापर्यंत
निळी रेघ जाते, जरा वाकडी,
बैल जिथं बुजला असेल तिथं.
तिला ती पाटा म्हणते.

बाबा कट्ट्यावर बसून ऐकत होते.
डाव्या हाताची दोन बोटं नाहीत.
त्या दिवशी परमिट घेतलेलं होतं,
लाइन मेलेली होती,
सबस्टेशनातून कुणीतरी तिला जिवंत केलं.
‘दोरीच असती,’ ते म्हणाले,
‘तर बरं झालं असतं.’

आई पुन्हा कुटायला लागली.

रात्री भाकरी मोडली आणि अंधार झाला.
बाबा सवयीनं उठले,
खुंटीवरची बॅटरी चाचपायला लागले.
रिटायर होऊन चार वर्षं झाली.
‘बसा,’ आई म्हणाली.
‘येईल ती.’