खुंट

आवटी सरांचा वर्ग कृषी सेवा केंद्राच्या माडीवर.
जिन्यात गंधकाचा वास, वर आम्ही नऊजणी
आणि सावळजहून मोपेडवर येणारा एक पोस्टमन.
द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा उसवून
सर आतल्या बाजूवर लिहायचे:
हायड्रो, पाणी. फोबिया, भीती.
म्हणायचे, शब्द पाठ करू नका,
उकरा.

मी कलमं बांधणाऱ्या दस्तगीर मुलाणींची पोर.
आमच्यात मूळ उकरलं तर शिव्या बसतात.

तरी उकरलं.
डेंटिस्टच्या तळाशी दंत सापडले,
पेडलखाली पद,
बँकेच्या फॉर्मवरल्या नॉमिनीत नाम.
ऑक्टोपस तर सरळ अष्टपाद निघाला,
मणेराजुरीत आयुष्यात न आलेला.

"आणि ऑक्टोबर म्हणजे आठवा," मी अब्बांना सांगितलं,
"रोममध्ये वर्ष मार्चात लागायचं तेव्हा."
ते काडीला पाचर घालत होते.
"आठवा म्हण न्हाईतर धावा,
छाटणी तवाच."

ते ऐन कलमांचे दिवस.
खाली डॉगरिजचा रानटी खुंट,
खारं पाणी, चुनखड, सगळं सोसणारा.
वर माणिक चमनची दोन डोळ्यांची काडी.
पेटीवर नाव वरच्याचं लागतं.
इंग्रजीचंही तसंच असावं, मला वाटलं,
पण हे मी सरांना कधी बोलले नाही.

तासगावच्या वाचनालयात जाड कोश होता,
घरी न्यायला बंदी.
त्यात एका दुपारी ग्राफ्ट काढला.
ग्राफ्ट म्हणजे कलम बांधणं, हे माहीत होतं.
खाली बारीक अक्षरात: ग्रीक ग्राफियन, लेखणी.
तासलेली काडी लेखणीच्या टोकासारखी दिसते,
म्हणून.

सायकल आडवी टाकून बागेत पळाले.
अब्बांच्या दातात पट्टी, हातात तासलेली काडी.
ऐकून म्हणाले, "मग त्यात नवं काय?
आपण कलमच म्हणतो की."

मी तिथंच ढेकळावर बसले.
कलम. लिहायचं तेही, बांधायचं तेही.
पुढच्या आठवड्यात कलमही उकरला:
अरबीतून आला, अब्बांच्या पाठातल्या सूरेचं नाव,
आणि त्याही खाली, पार खाली,
ग्रीक कलमोस.
बोरू.

दोन वेली, दोन वेगळ्या वाटा,
आणि खाली तेच टोक, तासलेलं.
त्या रात्री झोप लागली नाही.
असं काही कुणाला सांगायचं असतं?
पोस्टमनला सांगितलं. तो म्हणाला, परीक्षेला येईल का?

आलं.
तलाठी भरती, प्रश्न एकोणचाळीस,
ग्राफ्ट, समानार्थी शब्द निवडा.
चारही पर्याय वाचले, हसू आलं,
आणि 'जोडणे'वर काळं केलं.

उत्तर होतं: लाच.

एक गुण गेला. अब्बांना सांगितलं.
पट्टी दातात धरून हसता येत नाही.
ती खाली पडली, मातीत माखली,
आणि ते हसतच
खिशात दुसरी चाचपत राहिले.