रसग्रहण, सहा गुण

ग्वाल्हेरात जानेवारीचं धुकं
खिडकी लावली तरी आत येतं,
दौलतगंजच्या या वरच्या खोलीत तर हमखास.
अकरा वह्या. अकराही जणांनी लिहिलंय:
'लेखकाने मनाचा ठाव घेतला आहे.'
कुठं घेतला रे? कुठल्या ओळीत?
विचारलं की सगळे फळ्याकडं बघतात.

गोष्ट दीड पानाची.
एक बाई मुलाची वाट बघते,
तो येत नाही,
उत्तररात्री ती त्याचं मांडलेलं ताट घासते.
संपली.

म्हटलं, गाइड मिटा.
'अप्रतिम' आजपुरता कपाटात, किल्ली माझ्याकडे.
पुन्हा वाचा, आणि जिथं अडखळाल
तिथं पेन्सिलीनं टिंब द्या.
फक्त त्या टिंबाबद्दल लिहा.

यशोधन महाडिक म्हणाला,
"मॅडम, मी तर कुठंच नाही अडखळलो."
मग तेच लिही. का नाही, ते लिही.
तो गजक चावत बसला,
तीळ सांडले कोऱ्या पानावर.

हर्षदा इंगळे घरी हिंदीतच बोलते,
'ळ' काढताना तिचा हात अजून थबकतो.
तिनं चार ओळी आणल्या:

'ताट कोरडं होतं. त्यात कोणी जेवलं नव्हतं.
तरी बाईने घासलं.
ती रडली असं लेखकाने नाही लिहिलं.
मला वाटते घासणे हेच ते आहे.'

लाल पेनाचं टोपण काढलं मी.
'वाटते' की 'वाटतं', एक काहीतरी ठरव.
शेवटच्या वाक्याला हिंदीचं वळण.
आणि परिच्छेद? प्रस्तावना? समारोप?
टोपण परत लावलं.

मागची पानं उलटली, तर समासात
माझंच अक्षर, सप्टेंबरपासून:
'छान. विस्तार करा.'
'छान. विस्तार करा.'
कुठं छान, बाई? कुठल्या ओळीत?

मग पेन्सिल घेतली,
'हेच ते'खाली एक टिंब दिलं
आणि शेजारी लिहिलं: इथं मी थांबले.
परीक्षेत तिला सहापैकी दोन मिळतील कदाचित.
तेही तिला सांगितलं. लपवून काय करू?

साडेसातला वर्ग सुटला.
जिन्यातला दिवा गेलेला, सगळे भिंत चाचपत उतरले.
खालून यशोधनचा आवाज आला,
"मॅडम, पण तो मुलगा नंतर आला का?"
लिहिलेलं नाही, म्हटलं.
थोडा वेळ काहीच नाही.
मग पायऱ्या परत वर चढल्याचा आवाज,
आणि धापा टाकत:
"वही द्या ना जरा."