अर्थ

तीन बॅटऱ्या बदलल्या, क्लेम म्हणाला,
चौथीला आता खिसा नाही.
झीहानच्या तळावर आम्ही दोघं, त्याच्या कॅम्परच्या दारात;
बाहेर टास्मानियाच्या पश्चिमेचा पाऊस,
जो पडत नाही, आडवा चालत येतो.

फ्रिज रात्री दोनला कण्हतो नि गप्प होतो.
दिवा आधी पिवळट, मग काजव्याएवढा, मग नाहीच.
'दिवसभर गाडी पळवतो,
तरी सकाळी हिच्यात दम नाही.'
हिच्यात म्हणताना त्याने सीटखालच्या डब्याला
बुटाच्या टोकाने ढोसलं,
आळशी कुत्रीला ढोसावं तसं.

तेवीस वर्षं मी हेच करते,
क्वीन्सटाउनपासून स्ट्रॉनच्या धक्क्यापर्यंत.
लोक आधी निकाल लावतात,
मग तपासाला मला बोलावतात.
मी मीटर काढला.

इंजिन बंद. बारा पॉइंट एक.
'मार चावी.'
पुढची बॅटरी टुणकन चौदा पॉइंट दोनवर.
मागची बारा पॉइंट एक,
जागची हलायला तयार नाही.
फ्यूज काढून उजेडात धरला, तार शाबूत.
रिलेवर बोट ठेवून चावी पुन्हा मारायला लावली:
टक्.
रिलेच्या पलीकडे चौदा,
फडताळामागून वळून येणाऱ्या जाड लाल वायरीत चौदा,
थेट बॅटरीच्या डोक्यापर्यंत.

म्हणजे यायचं ते सगळं येत होतं.
दारात येऊन ताटकळत होतं.

'वायरिंग कुणी केलंय?' मी विचारलं,
कारण काम नेटकं होतं,
प्रत्येक टोकाला नेलपॉलिशची खूण,
ब्रेकला केशरी, पंपाला मोरपंखी.
'आयव्हीने.'
त्याने चहा ओतला, इथल्या नदीच्या रंगाचा.
'लॉन्सेस्टनला असते आता, बहिणीकडे.
रविवारी फोन करते.'
साखर शोधण्यात बराच वेळ गेला.
'मी उचलतो.
ती बोलते.
मग ठेवते.'

मी मान हलवली आणि सीटखाली शिरले.
ह्या धंद्यात एवढी हुशारी पुरते:
सगळे लाल वायरीकडे बघतात.
काळी ही परतीची वाट,
तिची आठवण कुणाला होत नाही.
मीटरची लाल सुई बॅटरीच्या लाल टोकावर ठेवली,
काळी मात्र गाडीच्या पत्र्यावर.
चौदा पॉइंट एक.
तीच काळी बॅटरीच्या काळ्या टोकावर आणली
तर बारा पॉइंट एक.
मधल्या मधे दोन व्होल्ट कुठेतरी सांडत होते.

सापडला. चासीवरचा एक बोल्ट,
वॉशर हिरवट, पत्रा पापडासारखा फुगलेला.
खिडकीच्या फटीतून वर्षानुवर्षं
थेंब थेंब त्याच्याच माथ्यावर.
आम्ही त्या वायरीला अर्थ म्हणतो,
तेवढा सुटला, की बाकी सगळं जागच्या जागी असून
काही लागत नाही.

ब्रशने घासलं. हात शेवाळी झाला.
कानशीने पत्रा चमकेपर्यंत,
मग बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन.
'चावी.'
तेरा पॉइंट एक. तेरा पॉइंट तीन.
आकडे घाई न करता चढत होते,
आजारातून उठलेलं माणूस जिना चढतं तसे.

क्लेम टेबलाखालच्या दोन जुन्या बॅटऱ्यांकडे बघत होता.
'मग ह्यांचं काय चुकलं होतं?'
'काही नाही. उपाशी होत्या.'

तो बराच वेळ गप्प.
फ्रिज कुरकुरत सुरू झाला,
आत अर्धं लिंबू आणि लोण्याचा कागद.
बिलावर मी लिहिलं: एक बोल्ट, साफ केला.
जायला निघाले तेव्हा विचारतो,
'किती दिवसांनी बघायचं हे?'
'वर्षातून एकदा. दिवा मंदावला, तर आधी.'
तो पेन शोधू लागला.
कागद समोर होता, तरी
त्याने ते तळहातावर लिहून घेतलं.