चिमणाळं

कारखाना विकला तेव्हा माग भंगारात गेले,
किलोवर.
पत्ते कुणी घेतले नाहीत.
दोरीनं ओवलेले, तेलानं काळवंडलेले
जेकार्डचे पोतंभर पत्ते
नानांनी सायकलला बांधून आणले
आणि पलंगाखाली सारले.
सतरा वर्षं, झाडताना केरसुणी अडली की
अम्मा म्हणायची, "बंबात घाला एकदाचे."

यंदा मार्गशीर्षात श्रीलताला मुलगी झाली.
नव्या पेठेत चिमणाळं मिळतं, प्लास्टिकचं,
सेल घातले की गाणं म्हणतं.
मी बघून आले, भाव विचारून आले,
आणि रात्री पोत्याची गाठ सोडली.

पत्ता जाड. घरची कात्री दाद देईना.
अम्मानं विडीची कात्री पुढं केली,
पानं कातरून कातरून पाती अर्धी झिजलेली.
"माप टाक आधी," म्हणाली,
आणि पत्र्याचा फर्मा शोधू लागली,
जणू चिमण्याही हजारावर मोजून द्यायच्यात.
चोच कशी मुडपायची ते तिनंच दाखवलं,
विडीचं तोंड मिटतात तसं,
नखानं एकदा, अंगठ्यानं एकदा.
माझ्या चोची उघड्याच राहायच्या.
"बोलक्या नकोत गं पाळण्यावर,
पोर झोपायचं नाही."

पंखांना पोपटी घोटीव कागद, मैद्याची खळ.
खळ शिजली तसा घरात
जुन्या सुताचा वास आला.

नानांना आता डोळ्यांनी
दिवस की रात्र एवढंच कळतं.
वासानं उठले असतील, किंवा
पत्ता कापताना येतो त्या आवाजानं.
"काय कातरलालीस?"
जुन्या लग्नपत्रिका, असं सांगता आलं असतं.
मी एक चिमणी त्यांच्या तळहातावर ठेवली.

चाचपली नाही त्यांनी. वाचली.
भोकावरून भोकावर बोट,
ओठांत आकडे:
ओकटी, रेंडू, मूडू, एक घर रिकामं, नालुगू.
"मोराचा. शेपटीजवळचा. डबल चादर, लाल-काळी."
दुसरी दिली.
"काठ. काठ कुणीही ओळखेल."
तिसरीवर बराच वेळ.
मग, "हा पत्ता गेला नव्हता होय अजून?"

पत्ते ठोकायचं काम त्यांचंच.
एका रात्रपाळीत एक भोक
एक घर सोडून पडलं,
मोराचा डोळा मानेवर उतरला.
बावीस चादरी निघाल्या तशा,
मग कुणाच्या तरी लक्षात आलं.
शेठनं दोन हप्ते कापले.
घरी नानांनी सांगितलं होतं,
लाइट नव्हती, माग बंद होते.

त्या दिवाळीला मला फ्रॉक नव्हता.
कितीतरी वर्षं मला
लाइटचा राग यायचा.

अम्माची कात्री थांबली.
"बावीस?"
एवढंच. पुन्हा कातरू लागली.

ती चिमणी ते ठेवून घेतील असं वाटलं मला,
खिशात, चष्म्याच्या रिकाम्या डबीत.
म्हणाले, "ही मधे बांध."

बारशाला पाळण्यावर बल्ब लावला.
भोकांतून उजेड पडला दुपट्यावर, भिंतीवर,
सगळ्या काकवांच्या पातळांवर.
मोर काही झाला नाही.
ठिपकेच.
आणि जिच्यासाठी चार रात्री जागलो
ती बाई पंख्याकडे बघत होती,
बंद पंख्याकडे, डोळे फाडून.

शेजारच्या नरसूबाईंनी विचारलं,
"कुठनं आणलं? केवढ्याला पडलं?"
अम्मा घुगऱ्या वाढत होती. मान वर न करता म्हणाली,
"बावीस चादरींना."
नाना हसले, खोकले, पुन्हा हसले.
पाळण्याची दोरी त्यांच्या हातात होती.

सगळे पांगल्यावर हळूच मला म्हणाले,
"चुकलेली कुठल्या बाजूला आहे गं आता?"
मी वर बघितलं.
"फिरते," म्हटलं,
"एका जागी थांबतच नाही."