इशारा पातळी

आमचं घर तळमजल्यावर, सिंहगड रोडला, नदीच्या अंगाला.
हॉलच्या भिंतीवर एक मातकट रेघ आहे, कमरेच्या जरा खाली.
धरणातून पाणी सोडलं त्या रात्री ते इथवर आलं,
थोडा वेळ थांबलं, आल्या वाटेनं गेलं.
रंग मारायचा होता. मग अबोली झाली,
आणि राहूनच गेला.

त्या रात्री आम्ही शिकलो वस्तू कशा वर चढवायच्या :
आधी तांदूळ, मग कागदपत्रं, मग गादी.
आता पुन्हा तेच चाललंय, फक्त भोंगा वाजत नाही.

ती पहिल्यांदा मागे जायला शिकली.
खुळखुळ्याकडे बघत, त्याच्यासाठी रडत,
उलटी सरकत गेली थेट सोफ्याखाली.
मी पोटावर झोपून तिला ओढून काढलं :
केसांत जळमट, मुठीत
मार्चपासून हरवलेलं पेनाचं टोपण.

मग तिला पुढची दिशा सापडली.
चपला वर गेल्या.
डाळींचे डबे वर गेले, डाळींच्या डोक्यावर मिक्सर.
देवघर इतकं उंच टांगलं
की शर्वरी आता टाचा उचलून निरांजन लावते.
कपाटाला मी प्लॅस्टिकची कडी लावली, चिकटवायची.
अबोली समोर बसून नुसती बघत राहिली
मी ती कशी उघडतो.
तीन दिवस बघितलं.
चौथ्या दिवशी पोह्यांत बसलेली सापडली.

मी चाकणला रात्रपाळीला. सकाळी बसमधून उतरतो,
पावणेनऊला शर्वरी निघते.
कंपनीत पाळी बदलताना वहीत लिहितात,
चार नंबर गरम होतंय, लक्ष ठेवा.
आमचं दारातच होतं, ती हेल्मेट घालता घालता :
स्टूल धरून उठते.
बादलीकडे जाते, बाथरूमचं दार ओढून घे.
ड्रॉवर उघडता येतो. मिटताना बोट काढायचं
अजून कळत नाही.

काल जे येत नव्हतं ते आज येतं,
आणि मला मात्र कालचीच सवय असते.
टेबलाच्या कडेपासून वीतभर आत ठेवलेला चहा
सोमवारी सुरक्षित होता.
मंगळवारी नव्हता.

परवा गुरुवार, नेहमीसारखी वीज गेलेली.
पंखा थांबला आणि माझा डोळा लागला,
पाच मिनिटं, फार तर सात.
उघडला तेव्हा ती भिंतीशी होती.
दोन्ही तळवे त्या रेघेवर टेकलेले,
जणू पाणी अजून आहे का ते चाचपत होती.
मग एक हात सुटला.
मग दुसरा.
मी हललो नाही. हाक मारली तर पडेल,
नाही मारली तरी पडेलच.
एक. दोन. तिसरं पाऊल अर्धं,
आणि धप्पकन बसली, स्वतःवरच चकित.

फोन हातात घेतला होता. ठेवून दिला.
बँकेत काउंटरवर बसलेल्या बाईला
हे कुणाच्या तरी चेकबुकच्या मध्येच कळावं,
ते बरं वाटलं नाही.
संध्याकाळी तिनं विचारलं, काय काय केलं आज?
म्हटलं, काही नाही. पोहे.

साडेसातला अबोलीनं पुन्हा भिंत सोडली.
एक, दोन, तीन, चार.
शर्वरी ओरडली, टाळ्या वाजवल्या, तिला उचलून गरागरा फिरवलं,
अहो बघितलंत का, पहिल्यांदाच!
मीही ओरडलो.
पण ती ओरडली ते किंचित उशिरा,
माझ्या तोंडाकडे एकदा बघून घेऊन.

रात्रभर मशीनवर मी त्याचाच हिशेब करत होतो :
बुधवारी रात्री मी कामावर होतो.
मंगळवारी रात्रीसुद्धा.

विचारलं नाही. विचारणारही नाही.
सकाळी दारात ती म्हणाली,
आता गॅसची बटणं बघ. हात पोचतो.
आणि माळ्यावर जागा नाही.